उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद : प्रयोगातून उभे राहिलेले उद्योग

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या मोजक्या भारतीय उद्योजकांनी परकीय सत्तेच्या अमदानीत देशी उद्योगाचा पाया घातला, त्यांत सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव आदराने घ्यावे लागते. जहाज, विमान आणि मोटार ही तीन वाहने भारतात निर्माण व्हावीत, हा ध्यास त्यांनी घेतला होता. सामान्यतः त्यांच्या जीवनाचे वर्णन धाडसाची कहाणी म्हणून केले जाते आणि ते खोटे नाही. परंतु केवळ धाडसाने उद्योग उभे राहत नाहीत. नवी कल्पना सुचली की ती बेताच्या प्रमाणावर प्रत्यक्ष करून पाहावी, आलेल्या नफातोट्याचा प्रामाणिक हिशेब मांडावा आणि त्या हिशेबाच्या आधारे पुढचे पाऊल टाकावे, ही रीत त्यांच्या अनेक उद्योगांच्या मुळाशी दिसते. जेथे ही रीत पाळणे परिस्थितीने अशक्य केले, तेथे त्यांना झळही सोसावी लागली. त्यांच्या चरित्राचा हा पैलू व्यापारउदिमात असलेल्या समाजाने विशेष अभ्यासण्याजोगा आहे.

घराणे आणि बालपण

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. हे घराणे मूळचे गुजरातेतील वांकानेरचे. सराफी आणि कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय होता. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे सचोटीचे व्यापारी तर होतेच, शिवाय समाजसुधारणेची तळमळ असलेले विचारवंत होते. 'जैन बोधक' हे नियतकालिक सुरू करून त्यांनी समाजात शिक्षणाचा व धर्मविचारांचा प्रसार केला. हिशेबाची शिस्त आणि रूढीला प्रश्न विचारण्याचे धैर्य, या दोन्ही गोष्टी वालचंदांना अशा घरात लहानपणापासून पाहावयास मिळाल्या.

मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ शिक्षण घेऊन ते घरच्या पेढीवर आले. मात्र व्याजबट्टा व कापसाच्या सौद्यांत त्यांचे मन रमेना. दुसऱ्याने निर्माण केलेल्या मालाच्या भावातील चढउतारावर पैसा मिळविण्यापेक्षा आपण स्वतः काही उभारावे, अशी त्यांची ओढ होती. परंतु ओढ असणे वेगळे आणि ती व्यवहारात उतरते की नाही हे जाणणे वेगळे. ती संधी त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या रूपाने मिळाली.

पहिली कसोटी : लोहमार्गाचा लहानसा टप्पा

लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. कंत्राटी कामाची माहिती त्यांच्यापाशी होती, भांडवल नव्हते. वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची पत होती, परंतु बांधकामाचा अनुभव नव्हता. दोघे विसाव्या शतकाच्या आरंभी एकत्र आले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा टप्प्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. ही रेल्वे अरुंद मार्गाची, सोलापूर जिल्ह्यातील परिचित मुलखात धावणारी होती. मजूर कोठून मिळतील, खडी व माती कोठून आणावी, पावसाळ्यात काम किती दिवस थांबेल, याचा अदमास स्थानिक माणसाला सहज घेता येत होता.

नव्या धंद्याची परीक्षा घेण्यास यापेक्षा योग्य जागा नव्हती. काम बिघडले असते तर नुकसान झाले असते, पण घराण्याची पेढी बुडाली नसती. काम वेळेत व हिशेबात पुरे झाले, आणि शेठजींच्या घरातील तरुणाने मातीकामाची कंत्राटे घ्यावीत काय, या शंकेला परस्पर उत्तर मिळाले. यातूनच 'फाटक-वालचंद' ही भागीदारी नावारूपास आली व रेल्वेची मोठमोठी कामे तिच्याकडे येऊ लागली. पुढे टाटांच्या सहभागाने 'टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी' निघाली. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या जलवाहिनीचे काम ही या कालखंडातील ठळक कामे होत.

१९२६ सालीच इंडियन ह्यूम पाइप कंपनीही निघाली. साचा वेगाने फिरवून सिमेंट काँक्रीटचे नळ घडविण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम यांनी शोधून काढली होती. येथे वालचंदांनी कल्पना नव्याने शोधण्याचा हट्ट धरला नाही. परदेशात जे सिद्ध झाले होते, ते भारतातील गरजेशी जोडले. दुसऱ्याने पैसा व वेळ खर्चून जी गोष्ट सिद्ध केली आहे, ती समजून घेऊन वापरणे हाही व्यापारी शहाणपणाचाच भाग होय.

'लॉयल्टी' : फसलेली बोट, टिकलेली कल्पना

पहिले महायुद्ध संपले, त्या वेळी भारताच्या किनाऱ्यावरील व परदेशी जलवाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. भारतीयांनी यात शिरण्याचे प्रयत्न पूर्वी केले नव्हते असे नाही. जमशेटजी टाटा यांनी १८९४ च्या सुमारास चीन-जपानच्या मार्गावर बोटी चालविल्या. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरीन येथे स्वदेशी आगबोट कंपनी काढली. हे दोन्ही प्रयत्न प्रबळ परकीय कंपन्यांच्या दरयुद्धापुढे टिकले नाहीत. म्हणून ही परीक्षा होऊन गेली आहे आणि तिचा निकालही लागला आहे, असेच जाणत्या व्यापाऱ्यांचे मत होते.

वालचंदांनी मात्र परिस्थिती बदलली आहे हे हेरले. युद्धात असंख्य बोटी बुडाल्या होत्या, वाहतुकीचे दर चढले होते आणि देशात स्वदेशीची भावना प्रबळ झाली होती. जुना निकाल जुन्या परिस्थितीतला होता. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची 'लॉयल्टी' ही बोट विक्रीस असल्याचे त्यांना कळले. १८९१ साली प्रशांत महासागरावरील प्रवासी वाहतुकीसाठी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने बांधलेली ही बोट महाराजांनी महायुद्धात रुग्णनौका म्हणून घेतली होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासमवेत पुढाकार घेतला. बोट खरेदी झाली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा भारताचा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

परंतु ज्या बोटीचा असा गौरव होतो, ती व्यापारी दृष्टीने यशस्वी ठरली नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. बोट जुनी होती. ती प्रवाशांसाठी बांधलेली असल्याने मालवाहतुकीस सोयीची नव्हती. अवघ्या चार वर्षांत, १९२३ मध्ये, ती मुंबईत मोडीत काढण्यात आली. वरवर पाहणाऱ्याने येथे प्रयोग फसला असा शेरा मारला असता. वालचंदांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र हिशेबाची दोन खाती वेगळी ठेवली. बोट निवडण्यात जे उणे पडले ते एका खात्यात आणि भारतीय मालकीच्या जलवाहतुकीला धंदा मिळतो की नाही, हा प्रश्न दुसऱ्या खात्यात. पहिल्या खात्याचा तोटा मान्य करून त्यांनी मालवाहू बोटी घेतल्या आणि किनारी व्यापाराकडे मोर्चा वळविला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रतिस्पर्ध्यांनीच देऊन टाकले. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने रंगून-मुंबई सारख्या मार्गांवर दर पाडण्यास सुरुवात केली. नव्या कंपनीला गिऱ्हाईकच मिळणार नसते, तर बलाढ्य कंपनीने स्वतःचे नुकसान सोसून दर कशाला उतरविले असते? भारतीय व्यापाऱ्यांचा माल भारतीय बोटींकडे वळू शकतो, हे त्या दरयुद्धानेच सिद्ध केले.

तरीही युद्ध दीर्घकाळ लढण्याइतके बळ कंपनीपाशी नव्हते, आणि कंपनीत सामान्य भागधारकांचा पैसा गुंतला होता. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंदियाने परदेशी मार्गांवर जाऊ नये, किनारी मालवाहतुकीपुरतेच राहावे आणि बोटींचे एकूण वजन ठराविक मर्यादेबाहेर नेऊ नये, अशा त्याच्या अटी होत्या. स्वाभिमानी वालचंदांना तो मनापासून बोचला. पण स्वतःच्या अभिमानापायी दुसऱ्यांची गंगाजळी पणाला लावण्यापेक्षा कंपनी जिवंत राखणे अधिक महत्त्वाचे होते. त्या मर्यादित क्षेत्रात कंपनीने बोटी चालविण्याचे, खलाशी व अधिकारी घडविण्याचे आणि व्यापाऱ्यांचा विश्वास मिळविण्याचे काम केले. किनारी वाहतूक भारतीय बोटींसाठी राखून ठेवावी, यासाठी १९२८ मध्ये सारभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, त्यालाही वालचंदांचे पाठबळ होते. ते त्या वेळी मंजूर झाले नाही. ते तत्त्व प्रत्यक्षात येण्यास स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर कंपनीचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले आणि १९५० पर्यंत ते त्यांनी सांभाळले.

रावळगाव : दहा वर्षांची प्रयोगशाळा

वालचंदांच्या रीतीचे सर्वांत शुद्ध उदाहरण मात्र समुद्रावर नव्हे, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात सापडते. १९२३ च्या सुमारास त्यांनी रावळगाव येथे सुमारे १,५०० एकर खडकाळ, नापीक जमीन घेतली. शेतीतज्ज्ञ व अभियंते बोलावून ही माती लागवडीस योग्य करण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला. शेती ही पिढीजात अनुभवाने चालते असा समज असलेल्या त्या काळात मातीचे परीक्षण करणे, खते आणि पाणी यांचे प्रमाण बदलून पाहणे, कोठे काय उगवते याची नोंद ठेवणे, ही गोष्टच नवी होती.

ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, साखर कारखाना आधी उभारून मग उसाचा शोध घेण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. कारखान्याची यंत्रे एकदा बसली की त्यांत गुंतलेला पैसा परत घेता येत नाही. ऊस कमी पडला तरी व्याज थांबत नाही. शेतातील चूक मात्र पुढच्या हंगामात सुधारता येते. म्हणून आधी जमीन, मग पीक आणि शेवटी कारखाना, असा क्रम राहिला. १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, परदेशी साखरेवर जकात बसली आणि देशात कारखाने झपाट्याने वाढू लागले. त्यापूर्वी तीसच्या आसपास असलेली कारखान्यांची संख्या थोड्याच वर्षांत शंभराच्या पुढे गेली. अनेकांना त्या वेळी जागेचा शोध घेण्यापासून सुरुवात करावी लागली. रावळगावला जमीन तयार होती, माणसे शिकलेली होती. १९३३ मध्ये तेथे साखर निघाली. संधी अनपेक्षितपणे आली हे खरे, परंतु तिचा लाभ घेण्याची पात्रता दहा वर्षांच्या मेहनतीने आलेली होती. या कामात त्यांच्या बंधूंचाही, विशेषतः लालचंद हिराचंद यांचा, मोठा वाटा होता.

रावळगावच्या अनुभवाने पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथील कामाला बळ मिळाले. १९३४ मध्ये तेथे साखर कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती वसलेले गाव वालचंदनगर म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथे पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीच बनू लागली आणि कालांतराने अवकाश व अणुशक्ती कार्यक्रमांसाठी लागणारे अवजड भागही तयार झाले. रावळगावात १९४२ मध्ये साखरेच्या जोडीला गोळ्या-चॉकलेटांचा व्यवसाय सुरू झाला. रावळगावच्या गोळ्या महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या बालपणाचा भाग बनल्या. २०२४ मध्ये त्या मिठाईच्या व्यवसायाची नाममुद्रा रिलायन्स समूहाकडे गेली.

विमान, जहाज आणि मोटार

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, अमेरिकेच्या प्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. त्यातून भारतात विमान कारखाना काढण्याची कल्पना पुढे आली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी संस्थानातर्फे पाठिंबा दिला आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. आरंभी परदेशातून आणलेल्या भागांची जुळणी करावयाची आणि त्या ओघात कारागीर तयार करून पुढे निर्मितीकडे वळावयाचे, असा क्रम ठरला. पहिले सरावाचे विमान १९४१ मध्येच आकाशात झेपावले. भारतीय कामगारांना हे काम साधेल काय, या शंकेचे निरसन वर्षभराच्या आत झाले. मात्र जपानी आक्रमणाचा धोका वाढताच एप्रिल १९४२ मध्ये भारत सरकारने वालचंदांच्या गटाचा हिस्सा ताब्यात घेतला. परीक्षेत उत्तीर्ण झालेला उद्योग त्यांच्या हातून गेला. हाच कारखाना पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या राष्ट्रीय संस्थेचा पाया ठरला.

जहाजबांधणीची कथा याहून वेगळी आहे. जहाजाचा कारखाना लहान प्रमाणावर करून पाहता येत नाही. गोदी, धक्का, अवजड यंत्रे यांवर आधी प्रचंड खर्च करावा लागतो. कलकत्त्यास जागा मिळविण्याचा प्रयत्न सफल झाला नाही, तेव्हा विशाखापट्टणम् निवडण्यात आले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. एप्रिल १९४२ मध्ये त्या बंदरावर जपानी बाँब पडले आणि काम विस्कळीत झाले. 'जल-उषा' ही आगबोट १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरू यांच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आली, तेव्हा कोनशिलेला जवळजवळ सात वर्षे झाली होती. स्वतंत्र भारतात बांधून जलावतरण झालेली ही पहिली आगबोट. देशाने जल्लोष केला. परंतु परदेशी गोद्यांच्या तुलनेत येथे बांधणीचा खर्च अधिक होता आणि तो बोजा खाजगी कंपनीला पेलणे अवघड होते. १९५२ मध्ये सरकारने या कारखान्याचा दोन-तृतीयांश हिस्सा घेतला. जहाज बांधता येते हे सिद्ध झाले होते. ते सरकारी आधाराविना परवडत नाही, हेही तितकेच सिद्ध झाले होते.

मोटारीच्या बाबतीत परवानगीसाठीच झगडावे लागले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना मांडली होती, तिचा पाठपुरावा वालचंदांनी केला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी त्यांनी करार केला, पण युद्धकाळात ब्रिटिश सरकारचे सहकार्य मिळाले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईत मोटारी जुळून बाहेर पडू लागल्या. येथेही जुळणी आधी आणि सुट्या भागांची देशी निर्मिती नंतर, हा क्रम होता. पुढे फियाट कंपनीशी सहकार्य होऊन ज्या गाड्या निघाल्या, त्यांतील 'प्रीमियर पद्मिनी' मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून घराघरात ओळखीची झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला.

अखेरची वर्षे

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी ते व्यवसायातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सांगली येथे १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले आणि आजवर हजारो विद्यार्थी तेथून अभियंते होऊन बाहेर पडले आहेत. सोलापुरातही वालचंद महाविद्यालयाच्या रूपाने त्यांचे स्मरण जागे आहे.

एका जीवनात इतके उद्योग हाती घेतल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. एक काम पुरते मार्गी लागण्यापूर्वी ते दुसऱ्याकडे वळतात आणि भागधारकांचा पैसा आपल्या स्वप्नांसाठी वापरतात, असा आक्षेप घेतला जाई. हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. जहाज आणि विमान या उद्योगांत त्यांना लाभापेक्षा क्लेशच अधिक झाले. परंतु त्यांच्या कार्याचा ताळेबंद मांडताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या ठिकाणी त्यांना बेताने, टप्प्याटप्प्याने करून पाहण्याची मोकळीक मिळाली, त्या बांधकाम, शेती आणि साखर या क्षेत्रांत त्यांचे उद्योग दीर्घकाळ टिकले. ज्या ठिकाणी पहिलेच पाऊल प्रचंड टाकावे लागले, तेथे कल्पना खरी ठरली, पण ती तडीस नेण्यास शासनाचा हात लागला.

व्यापारी समाजातील तरुण आज वडिलोपार्जित दुकान सोडून नव्या क्षेत्रांत उतरत आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना त्याची धास्ती वाटते आणि तरुणांना वडीलधाऱ्यांचा सावधपणा जाच वाटतो. बार्शीच्या लहानशा लोहमार्गावर वालचंदांनी या दोहोंचा मेळ घातला होता. पेढीला धक्का न लावता नवे काम करून पाहता येते, 'लॉयल्टी'सारखा तोटा उघडपणे मान्य करूनही मूळ विचार जपता येतो, आणि रावळगावप्रमाणे दहा वर्षे मातीत राबून मग यंत्रांना हात घालता येतो. त्यांच्या जीवनातून घेण्याजोगा हा वारसा आहे, आणि तो कोणत्याही लहान दुकानाच्या चोपडीतही तितकाच उपयोगी पडणारा आहे.